मनोऱ्यावरचा लाल-पांढरा पडदा

१४ जुलै, तोगाहामा

दादा,

पत्राची सुरुवात ऋतूची चौकशी करून करावी, असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. मी तीनदा तसं लिहिलं आणि तिन्ही कागद फाडले. ‘उकाडा फार वाढला आहे, तुझी प्रकृती बरी असेल’ याच्यापुढे मला जे लिहायचं आहे ते बसतच नाही. म्हणून सरळ लिहिते. बाबा दवाखान्यात आहेत. जिवाची भीती नाही असं डॉक्टर म्हणतात. उजव्या मांडीचं हाड मोडलं आहे. फुप्फुसांत पाणी गेलं होतं.

तुझा पत्ता आईने दिला. दर नववर्षाला तुझं कार्ड येतं, त्यावर एक शब्दही नसतो, फक्त ताकायामाचा पत्ता. अशी चार कार्डं झाली. आई ती किनाऱ्यावरच्या आपल्या नूडल्सच्या खोपटात सॉसच्या डब्यांमागे ठेवते आणि तिला वाटतं की बाबांना ठाऊक नाही.

शनिवारी उन्हाळी हंगामासाठी किनारा उघडायचा होता. तुझ्या वेळी जसं असायचं तसंच सगळं. पुजारी आले, ढोलवाले आले, अकरा वाजता व्यासपीठावरून मोची, त्या तांदळाच्या शुभ वड्या, उधळायच्या होत्या. डावीकडे दीपस्तंभाखाली लाटांवर स्वार होणारे बोर्डवाले, उजवीकडे पोहणारे, मधे बाबांची तरंगत्या बोयांची दोरी. मी या उन्हाळ्यात टेहळणीच्या मनोऱ्यावर कामाला आहे, नगरपालिकेतर्फे. घोषणा करायच्या आणि दर तासाला लाटा, वारा, माणसं यांची नोंद वहीत करायची. तू गेल्यानंतर इथे एक नवं निशाण आलं आहे, लाल आणि पांढऱ्या चौकड्यांचं. त्सुनामीचा इशारा आला की ते मनोऱ्यावरून हलवायचं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी आहे ते.

दहा बेचाळीसला पायाखालची फळी थरथरली. मला वाटलं, ढोलामुळे. दहा पंचेचाळीसला इशारा आला. मी घोषणा वाचली, भोंगा लावला, निशाण घेतलं आणि हलवायला लागले.

दादा, लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हे वाक्य मी पुन्हा वाचून पाहिलं. बरोबरच लिहिलं आहे. लोकांनी माझ्याकडे पाहून टाळ्या वाजवल्या. एका बाईने बाळाचा हात धरून माझ्याकडे हलवला. माझा आवाज कर्ण्यातून येत होता, मला स्वतःला ऐकू येत होता, आणि खाली सगळे हसत होते.

पहिल्यांदा बाहेर आले ते बोर्डवाले. तुझा मित्र बुन्ता बोर्ड टाकून ओरडत धावत आला, “अगं ए दोरीवाल्याची पोर! आधी त्यांचे ढोल बंद कर, ढोल!” त्यानेच जाऊन ढोलाच्या काठ्या हिसकावल्या. मग एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत भोंगा सगळ्यांना ऐकू आला. मग सगळे देवळाच्या पायऱ्यांकडे पळाले.

बाबा पाण्यात होते. शेवटच्या बोयाची गाठ तपासत होते. मी अकरा मिनिटं निशाण हलवलं. ते तीनदा वर आले आणि तीनदा त्यांनी दोन्ही हात वर करून मला उलट हात हलवले. मग जीवरक्षकाने माझी कंबर धरून मला खाली ओढलं.

लाट अकरा तीनला आली. साठ सेंटीमीटर. माझ्या मांडीपर्यंत. एवढ्याशा पाण्याने बाबांना उत्तरेच्या धक्क्यापर्यंत नेलं आणि दगडांवर आपटलं. एक वाजता मासेमारीची होडी गेली तेव्हा ते बोयाला मिठी मारून होते.

ढोलांमुळे इशारा ऐकू गेला नाही, असं सगळे म्हणतात. आई म्हणाली, त्याला नको कळवू. मी कळवते आहे. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

चिहो

२१ जुलै

दादा,

मागच्या पत्रात मी खोटं काही लिहिलं नाही. पण एक गोष्ट लिहिली नाही. तेव्हापासून मी नीट जेवलेले नाही, म्हणून आता लिहिते.

ढोलांचा आणि बाबांचा काही संबंध नाही. तू गेलास तेव्हा त्यांना उजव्या कानाने ऐकू येत नव्हतं. आता डाव्यानेही येत नाही. कानात यंत्र घालतात, पाण्यात उतरताना ते काढून डब्यात ठेवतात. ढोल असोत नसोत, त्यांच्यापर्यंत पोहोचणारी एकच गोष्ट होती, माझं निशाण. आणि ते मला ठाऊक होतं.

आता जे लिहिलं नाही ते. शुक्रवारी संध्याकाळी कियोए काकू लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा पडदा घेऊन मनोऱ्याखाली आल्या. तोच, जो लग्नाला, शाळेच्या पहिल्या दिवसाला, प्रत्येक शुभकार्याला लावतात. काकू आता खोपटवाल्यांच्या संघाच्या अध्यक्ष आहेत, बाबांनी मागच्या वर्षी ते पद सोडलं. त्यांनी पुजाऱ्याच्या मांडवाला पडदा लावला होता, व्यासपीठाला लावला होता, आणि एक उरला होता.

“चिहो, हा कठड्याला बांध. तुझा मनोरा अगदी विधवेसारखा दिसतोय.”

“काकू, मनोऱ्यावर काही लावायचं नाही असं नियमात आहे.”

“कुठल्या नियमात?”

“पान चौदा.”

“बघा, कॉलेजात गेली आणि पानं मोजायला शिकली!” त्या खाली उभ्या असलेल्या बायकांना म्हणाल्या. सगळ्या हसल्या. त्या हसण्यात काही वाईट नव्हतं. “अगं, एक दिवसाचा प्रश्न आहे. शुभ दिवशी लाल-पांढरं नको, तर काय सुतकाचं काळं-पांढरं बांधू?”

मी वर उभी होते. मला त्या क्षणी नेमकं काय वाटलं ते सांगते. निशाणही लाल-पांढरंच आहे, हे माझ्या मनात आलं. आलं नाही असं नाही. पण आपल्या घरातली मी पहिली कॉलेजात गेलेली, आणि मी काही बोलले की सगळ्यांना वाटतं मी शहाणपणा दाखवते. म्हणून मी दोरी खाली सोडली. पडदा वर ओढला. चारही गाठी मी स्वतः मारल्या. त्या घट्ट आहेत का तेही पाहिलं.

म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. लाल-पांढऱ्या पडद्यामागे एक मुलगी लाल-पांढरं काहीतरी हलवते आहे. दुसरं काय वाटणार?

बाबांना बोट घेऊन शोधत होते, तेव्हा कियोए काकूंनी पडदा सोडवून त्याची घडी घातली. मला म्हणाल्या, “पडदा वाऱ्याने सकाळीच निघाला होता. हो ना गं?” माझी नजर होडीवरच होती. संघाच्या बैठकीत सगळ्यांनी तेच म्हटलं. माझ्या भल्यासाठीच म्हणतात, असं आईही म्हणते. सप्टेंबरात माझी नगरपालिकेच्या नोकरीची परीक्षा आहे. बाबांनी ते सबंध किनाऱ्याला सांगून ठेवलं आहे. आमच्या घरातली पहिली, जिच्या पायाला वाळू लागणार नाही.

चार ऑगस्टला चौकशी आहे. चौकशी नगरपालिकेच्या उसामी साहेबांकडे आहे. तुला ते आठवत असतील. चार वर्षांपूर्वी पोहणाऱ्या त्या मुलाच्या खांद्याचं हाड तुझ्या बोर्डाने मोडलं, तेव्हा त्यांनीच मला विचारलं होतं, “तुझा भाऊ दोरीच्या आत आला होता का?” मी सोळा वर्षांची होते. मी ‘हो’ म्हटलं. तू तेव्हा त्या मुलाच्या आईवडिलांसमोर वाळूत गुडघे टेकून, कपाळ वाळूला लावून होतास. बाबा संघाचे अध्यक्ष होते, ते सगळ्यांसमोर म्हणाले, “या किनाऱ्यावर पुन्हा पाय ठेवायचा नाही.”

मी खरं तेच सांगितलं, असं मी चार वर्षं स्वतःला सांगते आहे. आता तेच उसामी साहेब मला विचारतील, मनोऱ्यावर काही लावलं होतं का? आणि माझं उत्तर तयार नाही. तुझ्या वेळी एका श्वासात तयार होतं.

चिहो

२९ जुलै

दादा,

तुझं उत्तर आलेलं नाही. ते ठीक आहे. पण हे पत्र पूर्ण वाच.

बाबा आता बसतात. सहा खाटांच्या खोलीत खिडकीजवळची खाट मिळाली आहे. कानाचं यंत्र खोपटात होतं, ते त्या पाण्यात गेलं. नवं यायला महिना लागेल. म्हणून मी वहीत लिहिते आणि ते वाचून बोलतात. किती मोठ्याने बोलतात हे त्यांना कळत नाही. सगळी खोली ऐकते.

मी लिहिलं, ‘त्या दिवशी मला पाहून तुम्ही हात का हलवलेत?’

“तू नाचत होतीस ना!” ते ओरडले. “मला वाटलं, पोरगी खुशीत आहे. तिचा पहिला दिवस. पडद्याचंच एखादं टोक घेऊन हलवतेय.”

शेजारच्या खाटेवरचे आजोबा हसले.

‘लोक पळताना दिसले नाहीत?’

“दिसले की! म्हटलं, मोची उधळायला लागले. म्हटलं, कियोएने यंदा उधळण इतक्या लवकर कशी सुरू केली? दोन-चार आपल्यालाही ठेवा म्हणावं.” मग ते स्वतःच हसले आणि मांडी धरून कळवळले. समोरच्या खाटेवरचे एक जण बाबांना म्हणाले, “ओगाता, तुमच्या मोची समुद्राने खाल्ल्या हो!” बाबांना ते ऐकू गेलं नाही. मी त्यांना लिहून दाखवलं नाही.

मग मी लिहिलं, ‘पडदा मी बांधला. चौकशीत मी सांगणार आहे.’

त्यांनी ते वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

“कसला पडदा?” ते म्हणाले.

आत्ता, दोन मिनिटांपूर्वी त्यांनीच पडद्याचं टोक म्हटलं होतं. पाचही खाटांनी ऐकलं होतं.

“मी पाण्यात होतो. मी मनोरा स्पष्ट पाहिला. मनोऱ्यावर पडदा नव्हता. मला पोहायचा मोह झाला, माझं लक्ष नव्हतं. चूक माझी. उसामीला इथे पाठवून दे, मी सांगतो त्याला.”

दादा, बाबा खोटं बोलतात हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. ज्यांनी स्वतःच्या मुलाला सगळ्यांसमोर किनाऱ्यावरून घालवलं, ते बाबा. मला ते माझ्यासाठी बोलत होते हे दिसत होतं, आणि तरी मला त्यांच्याजवळ बसवेना.

मी लिहिलं, आणि पेन्सिल इतकी दाबली की कागद फाटला, ‘मग दादासाठी असं का नाही केलंत?’

त्यांनी ती ओळ वाचली. मला वाटलं रागावतील. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. तिथून समुद्र दिसत नाही, गाड्या उभ्या करायची जागा दिसते. मग ते त्यांना हळू वाटत असलेल्या, आणि सबंध खोलीला ऐकू गेलेल्या आवाजात म्हणाले,

“त्याच्या वेळीही कुठे खरं बोललो? दोरी सरकली होती. आदल्या रात्री वजनाची गोणी सुटली होती. तीसेक पावलं तिकडे, बोर्डवाल्यांच्या बाजूला गेली होती. तो त्याच्या जागी होता. पोरं त्याच्या जागेत आली होती. संध्याकाळी मी दोरी परत आणून बांधली.”

कोणी हसलं नाही. आजोबांनी भिंतीकडे तोंड केलं.

“त्याने वाकून माफी मागितली,” बाबा म्हणाले. “मग कोणी काही विचारलंच नाही. त्यालाही नाही, मलाही नाही. सगळं मिटलं.”

वहीच्या त्या पानावर फक्त माझे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं कुठेच लिहिलेली नाहीत.

आता मी जे सांगते आहे ते मला कोणी विचारलेलं नाही. चार वर्षांपूर्वी त्या दिवशी दुपारी मी बाबांचा डबा घेऊन किनाऱ्यावर आले होते. मला दिसलं होतं की शेवटचा बोया कासवखडकाच्या समोर नाही, पुष्कळ डावीकडे आहे. मी म्हटलंही, “बाबा, बोया इकडे कसा आला?” ते म्हणाले, “भरतीच्या वेळी तसं वाटतं. जा, आईला मदत कर.” मी गेले. संध्याकाळी उसामी साहेबांनी ‘दोरीच्या आत आला होता का’ असं विचारलं, आणि दोरीच्या आत तू आलाच होतास. विचारलेल्या प्रश्नाचं मी अगदी अचूक उत्तर दिलं. मला शाळेत नेहमी पैकीच्या पैकी गुण मिळायचे.

तू पाण्यात कासवखडक आणि दीपस्तंभ एका रेषेत धरून बोर्डवर बसायचास. मला तूच शिकवलं होतंस. मग तुझी जागा कशी चुकेल, हे मला त्या रात्री, किंवा नंतरच्या चार वर्षांत एकदाही का सुचलं नाही? की सुचलं होतं?

तू वाकलास. वाळू तुझ्या कपाळाला चिकटली होती. आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं आणि तू कबूल केलंस असं धरून चाललो. मार लागलेल्या मुलापुढे कोणीही आधी वाकतंच. मीही वाकले असते.

चिहो

५ ऑगस्ट

दादा,

काल चौकशी झाली. नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावर, पंखा बंद असलेल्या खोलीत. आई बाहेर बाकावर बसली होती, खोपटातून तशीच आलेली, अंगाला तव्याचा वास. कियोए काकूही होत्या.

उसामी साहेबांनी माझ्याकडे न बघता कागद वाचला. “पडदा वाऱ्याने सकाळीच निघाला होता, असं संघाचं म्हणणं आहे. मनोऱ्यावर तुम्ही होतात. तुमचं म्हणणं काय?”

“पडदा होता. मी बांधला होता. चार गाठी. तो लाट ओसरल्यावर निघाला.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “ओगाता सान, तुमचा परीक्षेचा अर्ज माझ्याच टेबलावर आहे.”

“माहीत आहे.”

“मी हे लिहून घेऊ?”

“घ्या. आणि अजून एक लिहून घ्या. चार वर्षांपूर्वी तुम्ही मला विचारलं होतं, भाऊ दोरीच्या आत आला होता का. मी हो म्हटलं. ते उत्तर बरोबर आहे. पण दोरी तिच्या जागी नव्हती. मी दुपारी पाहिली होती. बाबांनी दवाखान्यात सांगितलं, तीसेक पावलं सरकली होती, पाच माणसांसमोर.”

उसामी साहेब उठले, कपाटातून जुनी फाईल काढली. माझं सोळा वर्षांच्या वयातलं ‘हो’ त्यात एका ओळीत होतं. खाली लिहिलं होतं, ‘संबंधित तरुणाने जागेवरच माफी मागितली. पुढील चौकशीची गरज नाही.’

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. त्यांचा चेहरा मी पाहत होते. तेही घाबरले होते, दादा. ती ओळ त्यांच्याच अक्षरातली होती.

बाहेर आले तेव्हा कियोए काकू उभ्या राहिल्या. दार पातळ आहे, सगळं ऐकू आलं होतं. “बापाचंच नाव घालवलंस! शिकवून काय मिळवलं त्याने?”

मी उत्तर देणार होते. आई मधे आली. “कियोए,” ती म्हणाली, “तुझ्या खोपटात तव्यावर नूडल्स करपत असतील. जा बघू.” काकू गेल्या. आई मग बाकावरच पुन्हा बसली आणि तिने विचारलं, “तीस पावलं?” मी मान हलवली. ती म्हणाली, “तो गेला त्या दिवशी मी त्याला डबाही बांधून दिला नाही.” एवढंच.

संध्याकाळी दवाखान्यात गेले. वहीत लिहिलं, ‘मी सांगितलं. पडदा आणि दोरी, दोन्ही.’ बाबांनी ते वाचलं आणि वही पालथी घालून उशाशी ठेवली. डोळे मिटून घेतले. ते जागे होते, पापण्या हलत होत्या. मी भेटीची वेळ संपेपर्यंत बसले. निघताना आजोबांनी मला खुणेने बोलावलं आणि म्हणाले, “मुली, नगरपालिकेने मला विचारलं तर मी ऐकलेलं सांगेन. मला ऐकू उत्तम येतं.”

बाबा माझ्याशी पुन्हा कधी बोलतील मला माहीत नाही. नगरपालिका परीक्षेला बसू देईल का, तेही माहीत नाही. मनोऱ्यावरचं माझं काम आजपासून बंद झालं आहे. मी सकाळी कासवखडकापाशी जाऊन उभी राहिले. लाटा चांगल्या होत्या, डावीकडून उघडत होत्या. बुन्ता पाण्यातून ओरडला, “काय गं, दोरी मोजायला आलीस?” मी म्हटलं, हो. तो हसला नाही. म्हणाला, “त्याला कळवलंस?”

कळवते आहे. उसामी साहेबांनी मला शेवटी विचारलं होतं, दोरी नेमकी किती सरकली होती, पोरं कुठे होती, बोर्ड कुठून आला. मी म्हटलं, मला माहीत नाही. पाण्यात एकच माणूस होता ज्याने ते पाहिलं, आणि त्याला आजपर्यंत कोणी विचारलेलं नाही. त्यांनी तुझा पत्ता मागितला. मी दिला. तुला न विचारता दिला, त्याबद्दल माझ्यावर रागव.

चार-पाच दिवसांत तुला नगरपालिकेचा खाकी लिफाफा येईल. तो उघडण्याआधीच तुझी मान खाली जाईल, मला ठाऊक आहे. आपल्याला सगळ्यांना तेच आधी येतं.

या वेळी आधी वाकू नकोस, दादा. आधी सांग.

चिहो